ताटातली नोट

भाऊसाहेबांनी आधी ताटातच हात धुतला. मग चूळ भरली, तीही ताटातच टाकली. मटणाचा रस्सा, हाडं, लिंबाची फोड, सगळं तरंगायला लागलं. मग खिशातून पन्नासाची नोट काढली, मला नीट दाखवली, आणि त्या पाण्यात सोडली.

"उचल. तुझी बक्षिसी."

मी उभाच.

"काहून पाहून राहिला? लग्नात व्याही ठेवतो ना ताटात पैसे, उष्टं काढणारीला? आज मी तुझा व्याही."

सोबत तालुक्याचा कुणी साहेब होता. तो हसला. हॉटेलचा मालक हसला. आणि खरं सांगायचं तर त्या दोघांच्या आधी मी हसलो. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. शेळी शिंकल्यासारखा.

मग मी दोन बोटं पाण्यात घातली, नोट उचलली, आणि म्हणालो, "लय मेहरबानी, मालक."

ही वारंगा फाट्यावरची गोष्ट. फाट्यावरच्या निम्म्या जागा भाऊसाहेबांच्या. बावीस वर्षं झाली. तेव्हा मी तिशीत होतो. माझा बाप मेंढरांमागं फिरून म्हातारा झाला. मला मेंढरं नको होती म्हणून मी हॉटेलात वाढपी झालो. मेंढरांनी माझ्या हातावर कधी चूळ टाकली नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

नोट नळाखाली धुतली. पाण्याच्या टाकीला चिकटवून उन्हात वाळवली. तिचा मसाल्याचा वास काही गेला नाही. संध्याकाळी बायकोला दिली. पोरगी सहा वर्षांची, सुनी. तिच्या पायात काही नव्हतं. त्या पैशात तिला पांढऱ्या पट्ट्याच्या चपला आल्या. सुनी अख्ख्या गावात त्या वाजवत फिरली. त्या कुठल्या पाण्यातून आल्या, हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

सांगितलं नाही, पण बदला घ्यायचं ठरवलं. पक्कं ठरवलं. त्यानंतर बावीस वर्षं मी रोज आंघोळीच्या वेळी बदला घेतला. कधी भाऊसाहेब वाढपी असायचे आणि मी जेवायचो. कधी मी त्यांच्या गाडीच्या टपावर उभा राहून भाषण करायचो. फाट्यावरचे सगळे ट्रकवाले टाळ्या वाजवायचे. पाणी संपलं की भाषण संपायचं. पुढं ही भाषणं बायकोच्या कानावर गेली, त्यामागचं कारण मात्र तिला कळलं नाही. ती म्हणाली, "तुमचा बदला म्हंजी शेळीचं दूध. रोज काढा, रोज संपवा."

तिचं बराबर होतं. कारण पुढं मी स्वतःची खानावळ काढली, ती भाऊसाहेबांच्याच जागेत. फाट्यावर दुसरी जागा मिळेना. ज्याचा गळा धरायचा, त्यालाच दर महिन्याला भाडं नेऊन द्यायचं. नेऊन द्यायचं म्हणजे, चपला बाहेर काढून. मी स्वतःची समजूत घालायचो की बदला घ्यायचा तर माणूस नजरेसमोर असलेला बरा.

सुनी शिकली. नर्स झाली. कॅनडात गेली. दोन वर्षांमागं तिला दिवस गेले, तेव्हा तिनं आम्हा दोघांना तिकडं बोलावलं. आठ महिने राहिलो. बायको बाळंतिणीचं करायची. मी बर्फाकडं पाहायचो.

तिथं मला एक नवी विद्या शिकावी लागली. टिप. कुणाला द्यायची, कुणाला नाही. जावई रोज समजावायचा. हॉटेलात बसून जेवलात तर वाढणाऱ्याला बिलावर पंधरा-अठरा टक्के द्यायचे, ते चुकवायचे नाहीत, त्यांच्या पगारात ते धरलेले असतात. केस कापणाऱ्याला द्यायची. घरी जेवण आणून देतो त्याला द्यायची. काउंटरवरून चहा आपण उचलून आणला तर नाही दिली तरी चालतं, पण मशीन विचारतं. ते मशीन आपल्याकडं वळवतात, त्यावर आकडे असतात, मागं रांग उभी असते. पहिल्या दिवशी मी घाबरून सगळ्यात मोठा आकडा दाबला. एका चहाला! घरी येईपर्यंत बायको त्याचे रुपये मोजत होती.

दुसऱ्या आठवड्यात मी बस चालवणाऱ्याला नाणं द्यायला गेलो. त्यानं ते भाड्याच्या डब्यात टाकायला सांगितलं. सुनीच्या दवाखान्यात तिच्या सोबतच्या नर्सला द्यायला गेलो, तर सुनीच अंगावर आली. "आबा, हिथं नर्सला पैसे द्यायचे न्हाईत. माझी नोकरी घालवता काय?"

म्हणजे जिथं द्यायची तिथं नाही, आणि जिथं नाही तिथं हात पुढं. माझं सगळं उलटं चाललं होतं.

मग नातवाला महिना झाला म्हणून जावयानं आम्हाला हॉटेलात नेलं. वाढायला एक बाई होती. माझ्याच वयाची, केस पिकलेले, पायात जाड तळव्याचे बूट. दिवसभर उभं राहून पाय कसे भरून येतात ते मला ठाऊक होतं. तिनं आमच्या म्हातारीला, म्हणजे माझ्या बायकोला, बिनमसाल्याचं काय मिळेल ते स्वतः आत जाऊन विचारून आणलं. मला वाटलं, हिला मशीनवर नको, आपल्या हातानं द्यावं. जावई बिल द्यायला उठला, तसा मी खिशातून वीस डॉलरची नोट काढली.

आणि ताटात ठेवली.

उरलेले बटाटे, लाल चटणी, हाडं, त्यावर ती नोट. मी शपथ घेऊन सांगतो, माझ्या मनात मान होता. देणं म्हणजे असंच असतं, हे माझ्या हाताला माहीत होतं. शिवाय तिकडची नोट प्लास्टिकची. पाण्यानं भिजत नाही. मला वाटलं, ताटात ठेवायची सोय म्हणूनच केली असणार.

बाई आली. ताट उचललं. नोट दिसली. थांबली. ताट परत माझ्यापुढं ठेवलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. आवाज चढवला नाही. मान खाली घातली नाही. हसली नाही.

सुनीचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "काय म्हणून राहिली?"

"इचारून राहिली, हे कचऱ्यात टाकू, का माझं आहे?"

ती उभी होती. माझ्या डोळ्यांत पाहत उत्तराची वाट बघत होती. मी आजवर इतक्या ठिकाणी वाढलं, इतकी ताटं उचलली, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. वीस वर्षं आंघोळीत मी भाषणं केली. त्यात हे एक वाक्य नव्हतं.

आणि समोर बसलेला भाऊसाहेब मी होतो.

मी चटणीत बोटं घातली. नोट काढली. कागदानं पुसली, दोनदा पुसली. उठून उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली. तिनं घेतली. थँक्यू म्हणाली आणि पलीकडच्या टेबलाकडं गेली. तिच्यापुरतं ते संपलं होतं.

माझ्यापुरतं गाडीत सुरू झालं. सुनी चिडली होती. "आबा, ताटात कोण ठेवतंय पैसे? तुमी तर स्वतः वाढपी होते!"

तेव्हा सांगितलं. पहिल्यांदा. हात धुतला ते, चूळ, नोट, सगळं.

सुनीनं बाळाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "पांढऱ्या पट्ट्याच्या?"

"व्हय."

"मी दोन वर्षं घातल्या त्या. लहान झाल्या तरी घातल्या." मग विचारलं, "अन् तुमी काय म्हणले त्याला?"

"लय मेहरबानी, मालक."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

परत आलो. खानावळ आमच्या माघारी शेवंताबाईनं सांभाळली होती. ती जवळच्या तांड्यावरची, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. भाकरी तीच थापते, वाढतेही तीच. तिच्या भाकरीसाठी कळमनुरीहून लोक येतात, माझं तोंड पाहायला कुणी येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी भाऊसाहेब आले. सोबत नांदेडचे पाहुणे, पोराच्या सोयरिकीचे. सगळे पांढऱ्या कपड्यांत. शेवंताबाईनं वाढलं. पाहुणे भाकरीची तारीफ करत होते. भाऊसाहेबांना ती तारीफ आपली वाटली असावी. जागा त्यांची, म्हणजे भाकरीही त्यांचीच.

जेवण झालं. नळ पाच पावलांवर होता. भाऊसाहेबांनी तांब्या उचलला आणि ताटात हात धुतला. चूळ भरली. मी गल्ल्यावर बसून पाहत होतो. मला पुढचं सगळं माहीत होतं. पाचशेची नोट होती. काळ पुढं गेला, रक्कम वाढली, पाणी तेच.

"शेवंते, उचल. पाहुणे खूश झाले तुझ्यावर."

शेवंताबाई पुढं झाली. तिच्या चेहऱ्यावर मला माझं ते हसू येताना दिसलं. अजून पुरतं आलं नव्हतं.

मी गल्ल्यावरून उठलो. टपावरची सगळी भाषणं त्याच वेळी विसरलो. एक वाक्य उरलं होतं, तेही माझं नव्हतं.

"भाऊसाहेब, हे कचऱ्यात टाकू, का शेवंताबाईचं हाय?"

"काय?"

"उष्ट्यात पडलंय म्हणून इचारलं. कचरा असंल तर टाकतो. तिचं असंल तर तिला द्या."

"दिलंय की. दिसून न्हाई राहिलं काय? ताटात हाय."

"तिच्या हातात द्या."

पाहुणे आमच्याकडं पाहायला लागले. भाऊसाहेबांनी आवाज खाली आणला. "जागा कोणाची हाय, ध्यानात हाय ना तुझ्या?"

"तुमची. ताट माझं हाय."

हे मी बोललो. कसं बोललो ते ठाऊक नाही. आवाज पुन्हा शेळीसारखाच निघाला. पण निघाला. आणि मी तिथून हललो नाही. त्या कॅनडातल्या बाईसारखा उभा राहिलो, उत्तराची वाट बघत.

शेवटी नांदेडचे पाहुणेच म्हणाले, "अहो भाऊसाहेब, द्या की हातात. त्यात काय एवढं?"

सोयऱ्यापुढं आता नाही म्हणता येईना. भाऊसाहेबांनी दोन बोटं पाण्यात घातली. हाड बाजूला सारलं. नोट निघाली, तिच्यावरून तेल गळत होतं. त्यांनी ती शेवंताबाईपुढं धरली.

शेवंताबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला नको. धुतली तरी नको."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर शिकवलं नव्हतंच. मला ते शिकायला सातासमुद्रापार जावं लागलं, दोन तिकिटं आणि आठ महिने. ती तांड्यावरून पायी येते.

भाऊसाहेब ती ओली नोट हातात धरून उभे राहिले. टेबलावर ठेवावी तर सगळे पाहत होते. ताटात परत टाकता येत नव्हती. शेवटी त्यांनी ती स्वतःच्या खिशात घातली. पांढरा सदरा. छातीवर लाल-पिवळा डाग वाढत गेला, आणि तो डाग घेऊन ते पाहुण्यांसोबत गाडीपर्यंत चालत गेले.

मला आनंद झाला. खोटं काहून बोलू? पोटभर झाला. मोठ्या मनाची माणसं म्हणतात, अशा वेळी समोरच्याची कीव येते. मला आली नाही. मी तो डाग दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, महिन्याच्या आत जागा खाली करा. मी बारा दिवसांत केली. आता खानावळ रस्त्याच्या पलीकडं, मेव्हण्याच्या शेताच्या बांधाला आहे. पत्र्याचं शेड, वाऱ्याला वाजतं. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. बायकोनं पहिल्या दिवशी चूल मांडता मांडता विचारलं, "झालं का समाधान?"

"न्हाई," म्हणालो. खरंच झालं नाही. त्यांचा एक सदरा गेला. माझी बावीस वर्षं गेली. बरोबरी कुठं झाली?

मागच्या महिन्यात त्यांचा माणूस आला. जुनी जागा रिकामीच पडली आहे, तिथं दुसऱ्या कुणाचं हॉटेल चालेना. "मालक म्हणून राहिले, झालं गेलं सोडा. भाडं कमी करतो. या परत."

मी त्याला बसवलं. शेवंताबाईनं चहा दिला. मग मी म्हणालो, "त्यांना सांग, मी सोडलेलं न्हाई. सोडणारबी न्हाई. जेवायला यायचं तर या म्हणावं, भाकर मिळंल. हात नळावर धुवायचा. द्यायचं असंल तर शेवंताबाईचं नाव घेऊन, उभं राहून, हातात द्यायचं. द्यायचं नसंल तर नका देऊ, तिचा पगार मी देतो. अन् ताटात टाकलं, तर ते ताट परत त्यांच्यापुढं येईल. ते असोत, त्यांचा पोरगा असो, न्हाई तर कुठला साहेब असो. उचलल्याबिगर इथून कोणी उठणार न्हाई. मी दारात उभा राहीन."

त्यानं चहा संपवला. उठताना म्हणाला, "जसंच्या तसं सांगू?"

"जसंच्या तसं. अन् त्यात मालक हा शब्द घालू नको."