व्याह्याला ऐकवलेलं गाणं

पारोळ्याच्या भिकुबाईला अक्षर येत नव्हतं, पण हळदीच्या घरी तिच्या गाण्याशिवाय पान हलत नसे. चौऱ्याण्णव साली धुळ्याचा कॅसेटवाला चुडामण तिला गाडीत बसवून घेऊन गेला, तिच्याकडून दहा गाणी भरून घेतली आणि कव्हरवर छापली आपली मेहुणी. फोटो तिचा, नावही तिचंच. भडगावच्या स्टँडपासून शिरपूरच्या बाजारापर्यंत भिकुबाईचा गळा वाजू लागला, आणि बायका उलट तिलाच सांगू लागल्या, "अक्का, कॅसेटवाली म्हनस तसं म्हन ना." चार वर्षं हे ऐकून तिच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचा भाचा निंबा एक कॅसेट घेऊन आला. तो शिरपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. कॅसेट होती अमेरिकेतल्या एका काळ्या गायिकेची. ही बाई कधी गळा मोकळा सोडून गायची, तर कधी गाणं थांबवून तालावर नुसती बोलत सुटायची. निंबा अर्थ सांगू लागला. वस्तीतली पोरं पोलीस विनाकारण का उचलून नेतात, घाम आमचा तर मळे त्यांचे कसे, असं ती विचारते. भिकुबाईने त्याला गप्प केलं.

"माले समजस. ती रडत नही. रडू येस तठे ती बोलाले लागस."

फीत घासेपर्यंत तिने ती कॅसेट ऐकली. गोड चालीखाली ढोल कसा दबा धरून बसतो, बोलण्याआधी बाई श्वास कुठे रोखते, सगळं पाठ केलं. मिरची कांडताना मुसळ त्याच तालावर पडायचं. इतकं खरं गाणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ते तिला एकाच माणसावर सोडायचं होतं.

पुढच्या वैशाखात चुडामणच्या थोरल्या मुलाला पारोळ्याचीच मुलगी मिळाली. मुलीकडच्या बायकांनी गाण्यातून वऱ्हाडाची उणीदुणी काढायची आणि वऱ्हाडाने ती हसत ऐकायची, हा तिथला रिवाज. जो रागावला त्याचीच शोभा. चुडामणने तर हौसेने माइक लावून सगळं लग्न रेकॉर्ड करायला ठेवलं होतं. पंगत बसली. मुलीकडून गायला भिकुबाई होती. तिने आधी गोड चाल धरली, मग थांबली, आणि ताटावर ठेका धरून बोलू लागली:

"आवाज मना, फोटो सालीना,
आयका हो बठ्ठा, धंदा व्याहीना."

बठ्ठा, म्हणजे सगळेच, चुडामणकडे वळून पाहू लागले. मेहुणीने मान खाली घातली. उठावं तर रिवाज मोडतो, म्हणून तो हसला. भिकुबाईने त्याला पाच वेळा तसंच हसायला लावलं. तिला फार बरं वाटलं.

त्याच्याच माइकवाल्याने प्रती काढल्या. आठवड्यात ते बोलणं गावोगाव पोचलं, प्रत्येक कॅसेटवर हाताने लिहिलेलं भिकुबाईचं नाव. महिन्याभरात चुडामणने निंबाच्या हाती नवं छापील कव्हर पाठवलं. त्यावर तिचा फोटो होता, तिचं नाव होतं.

"आते भांडन मिटाडा म्हनस तो, मावशी," निंबा म्हणाला.

भिकुबाईने त्याच्याकडून नाव दोनदा वाचून घेतलं आणि कव्हर कमरेला खोचलं.

"त्याना धाकला पोऱ्यानं लगीन कधी शे?" तिने विचारलं.