शिवेवरची ताडपत्री

त्या उन्हाळ्याच्या सुटीनंतर मुख्याध्यापकांना मला एक उत्तर द्यायचे होते. आपला जिल्हा नव्या राज्यात येऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. झरीकडच्या रानात, कोलामांच्या एका पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, एकशिक्षकी शाळा उघडायची होती. तिथे मी जाईन का, असे त्यांनी विचारले होते. आई गेल्यापासून यवतमाळच्या घरात मी एकटाच होतो. ‘याला काय, हा कुठेही राहील,’ असे लोक म्हणत. पण पडताळा घेतल्याशिवाय उत्तर मांडू नये, असे मी वर्गात शिकवत आलो होतो. म्हणून शाळा बंद होताच जुनी फटफटी काढली आणि स्वतःची परीक्षा घ्यायला निघालो.

कळंब मागे पडल्यावर सडक मुद्दाम सोडली आणि गाडीवाटांनी दक्षिणेकडे वळलो. मुक्कामाची माझी रीत ठरलेली होती. फटफटी टणक जागी उभी करायची, ताडपत्रीची एक कड तिच्यावरून टाकून पलीकडे बांधायची, दुसरी कड खुंट्यांनी ताणायची आणि उघडी बाजू वाऱ्याच्या आड ठेवायची. हे सारे मला नीट जमत होते. जमत नव्हते ते त्यानंतरचे. दिवसभर कानांत भरलेला इंजिनाचा आवाज गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ घुमत राही. तो विरला की पानगळ झालेल्या सागांत कसलीच चाहूल उरत नसे. मग मी भाकरी घाईघाईने खाई, जणू कुणी उठायला सांगणार होते.

शाळा उघडायची होती ते पोड दिसले तेव्हा ऊन कलले होते. परक्याने वस्तीला खेटून बिऱ्हाड मांडू नये, म्हणून मी अंतर राखले आणि एका उभ्या दगडाशेजारी ताडपत्री ताणली. थोड्याच वेळात माणसे जमली. एक बाई ताडपत्रीभोवती फिरून हसली.

“अवं पाहा, फटफटीले लुगडं नेसवलं यानं!”

“आन् फटफटी पाहा, पाळण्यातल्या लेकरावानी गळून राह्यली,” गाडीखालचे तेल पाहून दुसरी म्हणाली.

नाईक, म्हणजे पोडाचा प्रमुख, मात्र हसला नाही. तो दगड त्यांच्या शिवेचा होता. त्या संध्याकाळी गावबांधणी होती. पेरणीआधी देवाच्या नावाने गावाची शीव बांधतात. पूजा पुरी होईपर्यंत आतल्याने बाहेर जायचे नाही, बाहेरच्याने आत यायचे नाही. आणि मी मोठ्या काळजीने निवडलेली जागा नेमकी रेघेवर होती. फटफटी आत, अंथरूण बाहेर.

“असं नाई चालत,” नाईक म्हणाला. “अख्खे आत या, नाई तं अख्खे बाहीर राहा. आत आले तं शीव सुटेपर्यंत जाता नाई येनार.”

“तुम्हाला उगाच त्रास नको.”

“त्रासाचं कोन इचारते? घरी वाट पाहून राह्यलं का कोनी?”

“कोणी नाही.”

“मंग?”

कुणाला त्रास देऊ नये, हे मी आयुष्यभर पाळत आलो होतो. जिभेवर तेच आले. “मी बाहेरच राहतो,” मी म्हणालो. त्यांनी फटफटी ढकलून बाहेर आणून दिली आणि पाने खोवलेला गवताचा दोर दगडापाशी बांधला.

आत ढोल सुरू झाला. घरोघरचे धान्य एकत्र करून सर्वांसाठी एकच स्वयंपाक चालला होता. शिजत्या डाळीचा वास माझ्यापर्यंत येत होता. लुगड्यावरून हसलेली बाई दोरापर्यंत आली, माझ्या कोरड्या भाकरीकडे पाहून थांबली आणि रिकामे हात दाखवून परत गेली. त्या दिवशी आतले काही बाहेर देता येत नव्हते.

मला कुणी अडवले नव्हते. सकाळी खुंट्या उपटून निघता आले असते. मी एक खुंटी उपटलीही, आणि पुन्हा ठोकली. दिवसभर दोराकडे तोंड करून बसलो. इतके दिवस रानात कुणीच नव्हते, तेव्हा एकटेपणा निदान सगळीकडे सारखा होता. इथे त्याला एक कड आली होती आणि ती मला बसल्या जागेवरून दिसत होती.

पुढच्या सकाळी दोर सुटला. नाईक माझ्याजवळ आला.

“गेले नाई?”

“नाही.”

“काहून?”

मी शाळेचे सांगितले. त्याने ऐकून घेतले, मग दगडाच्या आतल्या बाजूची जमीन पायाने चाचपली. “शाळेले इथं बरं राह्यते. पानी साचत नाई,” तो म्हणाला आणि बैलांकडे गेला.

यवतमाळला परतल्यावर मुख्याध्यापकांनी विचारले, “मग? एकट्याने राहवेल तुम्हाला?”

“नाही राहवणार,” मी म्हणालो. “म्हणूनच मला तिथे पाठवा.”