मुलुंडच्या रॅलीतलं आमचं लेझीम

मोटारींची रॅली मुलुंडच्या मैदानावरून सुटणार होती आणि तिच्या उद्घाटनाला भांडुपच्या आमच्या शाळेचं लेझीम ठेवलं होतं. मी तेव्हा दहावीत होते. रॅली म्हणजे नक्की काय, हे आमच्यापैकी कुणालाच धड माहीत नव्हतं. आईनं तर विचारलंच, "गाड्या रोज रस्त्यावरून जातात, त्यात बघायचं काय?" पण मी पुढच्या रांगेत आहे म्हटल्यावर तिनं माझा पांढरा ड्रेस नीळ घालून धुतला आणि कोपऱ्यावर कडक इस्त्रीला दिला.

ढोल वाजवायला माझा मामा होता. मूळचा मालवणचा. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात लागलेला. गणपतीत त्याचा ढोल सुरू झाला की पलीकडच्या चाळीतली माणसंसुद्धा बाहेर यायची.

टेम्पोतून उतरलो तर मैदानाच्या रस्त्याकडच्या कडेला फळ्यांचा उंच उतरता मंच बांधलेला, वर झेंडूच्या माळांची कमान. मंचाच्या मागं गाड्यांची रांग. गाड्या नेहमीच्याच, फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर, पण दारांवर मोठाले आकडे, पुढं जादा दिवे, टपावर टायर बांधलेले. एवढ्यानं त्या ओळखू येईनाशा झाल्या होत्या.

पहिली गाडी मंचावर चढून उभी होती. माझ्या मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं. "अगं, आत बघ. दोघी बायका आहेत."

चालवणारीनं हेल्मेट काढलं. जाड वेणी खांद्यावर पडली. आम्ही बघतोय हे बघून ती हसली आणि म्हणाली, "छान करा हं. मला पण येतं लेझीम."

आधी लेझीम, मग पाहुण्यांचं भाषण, मग गाड्या सोडायचं निशाण, असं ठरलेलं. गाड्यांसाठी मध्ये वाट सोडून आम्ही दोन रांगांत उभ्या राहिलो. पीटीच्या बाईंनी शिट्टी मारली, मामानं ढोलावर हात टाकला आणि आम्ही लेझीमचा 'चार आवाज' हा प्रकार सुरू केला. झकास जमलं होतं. तेवढ्यात मागच्या सगळ्या गाड्यांनी इंजिनं सुरू केली.

एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मामाचे हात हलताना दिसत होते, पण ढोल काही ऐकू येईना. मी दोनवर, तर शेजारची चारवर. मैदानाच्या कंपाउंडवर बसलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली.

मामा बाईंच्या कानाशी जाऊन ओरडला, "माझो ढोल माकाच आयकाक येना नाय."

बाईंनी इकडंतिकडं बघितलं. टेबलावर निशाणं ठेवलेली होती. त्यातलं एक उचलून त्या मंचाच्या कडेवर चढल्या आणि मामाच्या हाताकडं बघत निशाणानं ताल द्यायला लागल्या. आमच्या नजरा त्या निशाणाला चिकटल्या. पाय जुळले. पुढं झेप घेत 'आगे फलांग' केलं तेव्हा शिट्ट्या थांबून टाळ्या सुरू झाल्या. बाईंनाही जोर चढला. शेवटच्या ठोक्याला त्यांनी निशाण पार डोक्यावरून खाली आणलं.

आणि पहिली गाडी सुटली.

आमच्या दोन रांगांमधून ती सणसणत गेली. ओढण्या उडाल्या. जरा पुढं जाऊन ती कचकन थांबली. बिल्ला लावलेला एक माणूस मागून धावला. "मॅडम, अजून उद्घाटन झालं नाही."

"निशाण पडलं ना?" गाडीतली बाई म्हणाली. "मग मी काय करू?"

आमच्या बाई निशाण धरून तशाच उभ्या. तोंड पांढरंफटक पडलेलं. वाट लागली, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पाहुणे आधी बाईंकडं, मग गाडीकडं बघत राहिले, आणि माईकवर म्हणाले, "उद्घाटन तर झालंच. आता माझं भाषण राहिलं."

"ते राहू द्या," कंपाउंडवरून कुणीतरी ओरडलं. पाहुणे स्वतःच एवढे हसले की भाषण राहूनच गेलं.

प्रत्येक गाडीची वेळ मंचावरून सुटल्यापासून मोजायची होती, म्हणून गाडी पुन्हा वर घ्यायची ठरली. रिव्हर्समध्ये चढताना चाकं फळ्यांवर घसरायला लागली. बाईंनी शिट्टी मारली आणि आम्ही लेझीम खाली ठेवून गाडीला हात लावले. बॉनेट चटका बसेल इतकं तापलेलं, पेट्रोलचा वास नाकात. "जोर लावा गं," आतून ती ओरडत होती, आणि आम्ही ओरडत होतो त्याला काही शब्दच नव्हते. गाडी वर गेली. पाहुण्यांनी आमच्या बाईंना शेजारी बोलावलं. दोघांनी मिळून निशाण दाखवलं.

मग एकेका गाडीला आम्ही लेझीम केलं. कुणी थांबायला सांगितलं नाही आणि आम्हालाही थांबायचं नव्हतं. शेवटची गाडी ठाण्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली तेव्हा मामाचे तळवे लालबुंद झाले होते.

घरी आल्या आल्या मी आईला सांगितलं, "मला गाडी शिकायचीय."

आई मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आधी सायकल शीक," ती म्हणाली, "मग बघू."