मास्तरणीचा उजवा हात

कारखान्यात शिवायला बाया ढिगाने, पण कापायला एकच. म्हणून सगळ्या तिला मास्तरीण म्हणायच्या. कापडाचे थर अंथरून ती मोठी कात्री अशी चालवायची, की मुकादमसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा. त्या टेबलावर तिचा संसार उभा होता, आणि तोराही.

मग सकाळी बोटं आखडायला लागली. कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. पण थोडा वेळ रेटून कापलं की हात सुटायचा. म्हणजे गंजच, तिने ठरवून टाकलं. सुट्टीनंतर मशीन असंच अडतं, पळवलं की गुमान चालतं. झालं! ती सगळ्यांच्या आधी येऊन टाकाऊ कापड कापत बसायची, हात मोकळा होईपर्यंत.

बटणं लावणारी तिची धाकटी बहीण एकदा ओरडलीच, "ताई, मनगट आहे की उशी? डॉक्टरकडे चल."

"तू तुझी बटणं सांभाळ. आराम केला की हात जास्त धरतो."

"हात तुझा की मुकादमाचा, एवढा राबवतेस तो?"

मास्तरणीने पुढचा थर अंथरला. दुखतंय म्हणणारी बाई कामचुकार ठरते, हे त्या कारखान्यानेच तिच्या डोक्यात भरलेलं. हातातून कात्री गळून पडली, तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी हाताचा फोटो उजेडासमोर धरला. हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या.

"हा गंज नाही. अंगात रोगजंतूंशी लढणारी फौज असते, ती बिथरलीय. सांध्यांचं आतलं अस्तर तिला परकं वाटतंय. त्यावर मारा चाललाय, म्हणून सूज, म्हणून कळ."

"मग जंतू कुठले?"

"नाहीतच. शत्रूच नाही, नुसती लढाई आहे."

मास्तरीण तडकली. "मग कामाने हात सुटायचा, ते खोटं?"

"हालचालीने आखडलेपण सुटतं, आग विझत नाही. तुम्ही सुजलेल्या सांध्यांवर जोर टाकत राहिलात. गोळ्यांनी फौज आवरता येईल. पण जे खाल्लं गेलं, ते परत येत नाही."

चीड येते ती इथे. बाहेरचा कुणी अंगावर आला असता तर या बाईने त्याची कॉलर धरली असती. मुकादमाची धरली होती एकदा. राखणदारच घर फोडू लागले, तर दाद कुणाकडे मागायची?

सूज उतरली. बोटं करंगळीच्या बाजूला कलली, ती कललीच. मुकादमाने टेबल धाकटीला दिलं आणि मास्तरणीला तिला शिकवायला उभं केलं.

एके दुपारी धाकटीची कात्री थर न हलवता टोकापर्यंत गेली.

"ताई, जमलं ना गं?"

मास्तरणीची नजर त्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरली. कुठेतरी तिरकं गेलेलं सापडावं, एवढंच तिला हवं होतं. सापडलं नाही.

"जमलं," ती म्हणाली. उद्यापासून शिकवायचंही काम उरलं नव्हतं.