माय डोअर

"माय पूस," बाईसाहेब म्हणाल्या आणि डस्टर माझ्या हातात कोंबला.

फळ्यावर माझी कविता होती. समोर टाउनशिपच्या लेडीज क्लबातल्या साहेबांच्या बायका चहा घेत बसलेल्या. तो चहाही मीच दिलेला.

मी चौथी शिकलेली. नवरा कारखान्यात ठेकेदाराकडे, मी बाईसाहेबांच्या बंगल्यात कामाला. बंगल्यामागच्या खोलीत राहायचो. क्लबात इंग्रजीचा वर्ग सुरू झाला तेव्हा बाईसाहेबांनीच मला बसवलं. फोनवर 'साहेब नॉट ॲट होम' एवढं म्हणता यावं म्हणून.

शिकवणाऱ्या बाई पाच नवे शब्द द्यायच्या आणि त्यांची कविता करायला सांगायच्या. नुसतं घोकलेलं विसरतं, म्हणायच्या, स्वतःचं काही सांगितलं की शब्द राहतो. त्या दिवशी शब्द होते डोअर, नाइट, लॉक, अफ्रेड, माय. माय म्हणजे माझं. आमच्या वऱ्हाडात माय म्हणजे आई. तो शब्द मला पाठ करावाच लागला नाही.

मी लिहिलं. शब्द इंग्रजी, अक्षरं आपली.

माय डोअर.
नो लॉक.
नाइट कम.
आय अफ्रेड.

खरंच होतं ते. आमच्या दाराची आतली कडी बाईसाहेबांनी काढून घेतली होती. एकदा पहाटे त्यांनी हाक मारली आणि मला जाग आली नाही, म्हणून. तेव्हापासून त्या केव्हाही दार ढकलून आत यायच्या. मी लुगडं बदलत असले तरी. नवरा रात्रपाळीला गेला की मी दाराला पेटी लावून जागी बसायची. बाहेर पान हललं तरी अंग गार पडायचं.

बाईसाहेबांनी कविता मोठ्याने वाचली. "अहो, हिचं दार म्हणे."

एक जण म्हणाली, "चलो, अब बंगला भी इसी का हो गया."

सगळ्या हसल्या. शिकवणाऱ्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"माय पूस. मॅडम्स लिही. मॅडम्स डोअर."

नाही म्हटलं तर खोली जाणार, हे कळत होतं. हात वर गेला. डस्टर त्या शब्दाला टेकलासुद्धा.

माझ्या मायनं जन्मभर लोकांची अंगणं झाडली. पण झोपायची ती आतून कडी लावून.

"नाही पुसणार," मी म्हणाले. इतक्या हळू, की कुणाला ऐकूच गेलं नाही.

"काय?"

आता पुन्हा म्हणावं लागणार होतं. ते पहिल्यापेक्षा अवघड.

"नाही पुसणार. त्या दाराआड मी झोपते. माझंच आहे ते."

डस्टर टेबलावर ठेवला. हात पांढरे झाले होते, ते पदराला पुसले.

संध्याकाळी खोली गेली. आम्ही टाउनशिपबाहेर, इंद्रपुरी वस्तीच्या मागं पत्र्याच्या खोलीत आलो. चूल मांडायच्या आधी मी नवऱ्याकडून दाराला आतून कडी ठोकून घेतली.

भीती गेलेली नाही. थाप पडली की अजून छाती धडधडते. पण कोण आहे, हे मी आतून विचारते. नाव सांगितल्याशिवाय उघडत नाही. कुणालाही असंच उघडणार नाही.