येसूमावशीच्या पिशव्या

येसूमावशीला रस्त्यात कुणी पिशवी घेऊन जाताना दिसलं, की ती त्याला थांबवायची आणि सरळ पिशवी उलटी करायची. आत भाजी असो, पुडे असोत, किल्ल्या असोत, ते सगळं त्याच्याच पदरात नाहीतर टोपीत ओतायची आणि शिवणीवरून सावकाश बोट फिरवायची. "वरनं समदं ग्वाडच दिसतं. आतनं बगावं," असं म्हणून पिशवी परत द्यायची. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी नवीन शिक्षिका म्हणून आले, तेव्हा भर बाजारात माझीही पिशवी अशीच उलटी झाली. माझे कांदे गटाराकडे घरंगळत गेले. मी चिडून काही बोलणार, तोच तिने विचारलं, "तुमीच शिवली व्हय? मन न्हवतं लागल्यालं तुमचं." मन खरोखरच लागलं नव्हतं, पण म्हणून काय कुणी कांदे सांडायचे? मला फार राग आला. पण मला राहायला खोली हवी होती आणि गावात रिकामी खोली तिच्याकडेच होती, त्यामुळे तो राग मला गिळावा लागला.

मावशी मूळची कुसगावची, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा घाटात रेल्वेच्या कामावर असताना दरड कोसळून गेला. पोटी मूल नाही. दिरांनी गोड बोलून तिला शेतातून बाजूला सारलं. मग ती लोणावळ्यात आली आणि लोकांच्या गोधड्या शिवून पोट भरू लागली. खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या बाईंना तिची गोधडी आवडली, आणि अशाच कापडाची हातात धरायला पिशवी करून देशील का, असं त्यांनी विचारलं. तिथून हा उद्योग सुरू झाला. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून, बारीक टाके घालत गोधडी शिवतात, तशीच ही पिशवी. पुढे कुसगावच्या आणि वर डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायकाही तिच्यासाठी घरी बसून पिशव्या शिवू लागल्या, आणि हंगामात मुंबईची मंडळी हवा खायला आली की मावशी त्या पिशव्या घेऊन स्टेशनच्या रस्त्याला बसू लागली.

तिच्या धंद्याचा एकच कायदा होता. पिशवीचं मोल शिवणारीनेच सांगायचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, मावशी त्यातलं काही कमी करायची नाही. "ही ठकूची हाय. तिनं मोल सांगितलंय. मी कोन कमी करनार?" असं म्हणून ती पानाला चुना लावत बसायची. कोट-टोपीवाले साहेब तणतणत पुढे जायचे आणि बऱ्याचदा बायकोने ढकलल्यामुळे परतही यायचे.

ही ठकू डोंगरातल्या वाडीवरची, नवऱ्याबरोबर दुसऱ्यांच्या शेतावर राबणारी. पहिली पिशवी घेऊन आली तेव्हा मी ओटीवर वह्या तपासत होते. मावशीने मोल विचारलं, तर ठकू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहिली. कुणी तिला काही देण्याआधी विचारावं, ही गोष्टच तिच्या आयुष्यात घडली नव्हती.

"सांग की गं!"

"मला न्हाई येत."

"मंग मी न्हाई इकत. जा घिऊन."

ठकू रडली. मावशीला दया आली नाही. ती चक्क पाठ फिरवून आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. शेवटी ठकू दारातून काहीतरी पुटपुटली. "आईकू येत न्हाई!" आतून आवाज आला. मग ठकू इतक्या जोरात ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मावशी हसत बाहेर आली आणि म्हणाली, "आसं. आता इकते." त्या दिवशी ठकू जाताना मागे वळून वळून पाहत होती. पुढे तीच ठकू मोल इतकं ठणकावून सांगायची की मावशीलाच, "आगं, पिशवी इकतीस का म्हस?" असं विचारावं लागायचं.

मग लढाई आली. मुंबईची माणसं हवा खायला येईनात. धान्य रेशनवर गेलं, कापड कंट्रोलवर. लुगडी अंगावरच विरू लागली, मग पिशवीसाठी जुनं कापड आणायचं कुठून? धंदा बसल्यातच जमा होता. अशात पुण्याच्या लष्कर भागातला एक व्यापारी मावशीचा पत्ता काढत आला. गोऱ्या सोल्जरांना घरी पाठवायला इथल्या वस्तू हव्या असतात, पावसाळ्याआधी जेवढ्या होतील तेवढ्या पिशव्या द्या, म्हणाला. आणि बायका सांगतील ते मोल त्याने कबूल केलं. मावशी त्या दिवशी मला शाळेतून बोलवायला आली होती. एवढ्या आनंदात मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. "बाई, पुन्यापातुर आमचं मोल चाललं!" असं ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती.

कापडाचा प्रश्न बायकांनी सोडवला. त्यांनी आपापल्या घरातल्या गोधड्या उसवल्या. ठकूकडे दोन होत्या, तिने दोन्ही उसवल्या. "थंडीच्या आत नव्या करू की," ती म्हणाली. मावशीनेही स्वतःच्या काढल्या. पाऊस लागायच्या आत मोठाले गठ्ठे मालगाडीने पुण्याला गेले.

ते दसऱ्याच्या सुमाराला परत आले. व्यापाऱ्याचा माणूस सोबत होता. सोल्जरांची पलटण अचानक हलली, त्यामुळे माल सबंध पावसाळा गुदामात पडून राहिला होता. त्याने एक गठ्ठा आमच्या अंगणात सोडला आणि एकेक पिशवी आमच्यासमोर धरली. प्रत्येकीचा एक कोपरा उंदरांनी कुरतडून पार चाळण केला होता. "सगळ्यांचा एकच कोपरा कसा? काय भरलं होतं यात तुम्ही?" त्याने विचारलं.

मावशीला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "घास," ती म्हणाली.

गोधडी पुरी होत आली की शेवटच्या कोपऱ्यात, थरांच्या मध्ये, भाकरीचा वाळका तुकडा ठेवून टाके घालायचे, अशी या बायकांची रीत. उपाशी गोधडी पांघरणाऱ्यालाही उपाशी ठेवते, असं त्या मानतात. पिशवी गोधडीसारखीच शिवायची, तर तिलाही घास द्यायलाच हवा. "रित्या पोटी कुनाला घराभायेर धाडावं व्हय?" मावशीने त्या माणसालाच विचारलं. आजवर पिशव्या हातोहात खपत होत्या, दुसऱ्या दिवसापासून वापरात यायच्या, त्यामुळे कधी काही बिघडलं नव्हतं. मी त्याच घरात राहत होते आणि मला याचा पत्ता नव्हता. पण मला आठवलं ते वेगळंच. त्या उन्हाळ्यात वाडीवर चूल दिवसातून एकदाच पेटत होती. त्या एका वेळच्या भाकरीतून बायकांनी एकेका पिशवीला घास काढून ठेवला होता. हे मी त्या माणसाला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "बाई, हे मालकांना सांगून काय उपयोग?" त्याचंही खरंच होतं. गठ्ठे टाकून, पैसे न देताच तो निघून गेला.

त्या साली मावळात थंडी कडाक्याची पडली. बायकांच्या घरात पांघरायला काही नव्हतं. मावशीने कुरतडलेल्या पिशव्या उसवून, तुकड्याला तुकडा जोडून, एकेका घरासाठी गोधडी करायला घेतली. ती पहाटे उठून शिवायची, मी शाळेतून आल्यावर शिवायचे. पण तुकडे लहान, विरलेले, टाका घातला की फाटायचे. ठकूची धाकटी मुलगी पौषात खोकून खोकून गेली. तिच्यासाठीची गोधडी अर्धीच झाली होती. मावशी ती तशीच घेऊन वाडीवर गेली आणि लगेच परत आली.

उन्हाळ्यात त्या व्यापाऱ्याचा निरोप आला. घास घालणार नसाल तर पुन्हा पिशव्या घेईन, मोल तुम्ही म्हणाल तेच. एवढा भला माणूस मी व्यापाऱ्यांत दुसरा पाहिला नाही. मावशीच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी रंग आला. रविवार होता, मीही तिच्याबरोबर निघाले. बायका रेल्वेच्या कडेला खडी फोडत होत्या. थंडीपासून सगळ्या त्याच कामावर लागल्या होत्या.

मावशीने निरोप सांगितला. कुणी रागावलं नाही, कुणी हरखलंही नाही. ठकूने आपले हात पुढे केले. बोटांना भेगा पडल्या होत्या, दोन नखं काळी झाली होती.

"ह्या हातात सुई ऱ्हाईल का, मावशे?"

"ऱ्हाईल. दोन दिस त्याल लाव. आन् मोल तूच सांग. तुला वाटंल ते सांग."

ठकूने दगडावर हातोडी मारली. मग म्हणाली, "नगं. हितं मुकादम सांगतो, आमी आईकतो. बरं आसतं. डोस्क्याला ताप न्हाई. पिशव्या शिवल्या तवा लय मोठं वाटायला लागलं हुतं आपलं आपल्यालाच. ते नगं आता."

बाकीच्या बायकांनी मान वर केली नाही. मला वाटलं, आता मावशी चिडेल, पाठ फिरवेल, ठकूला ओरडायला लावेल. मी मनातून तिची तशी विनवणीच करत होते. तिने पदर कमरेला खोचला, ठकूच्या शेजारी बसली आणि जवळ पडलेली एक हातोडी उचलली. "मावशी, चला घरी," मी म्हणाले. "तुमी जावा बाई," ती म्हणाली, "ऊन लय झालं."

पुढे वर्षभराने तापाचं निमित्त होऊन ती गेली. तोवर ती त्याच कामावर होती. तो पहिला दिवस कसा संपला ते मला ठकूने नंतर सांगितलं. संध्याकाळी मुकादमाने ओळीने सगळ्यांच्या हातावर मजुरी ठेवली, मावशीच्याही ठेवली. तिने मूठ मिटली आणि ती चालू लागली. किती दिली, ते तिने उघडून पाहिलंसुद्धा नाही.