पट्टीखालची ओळ

हडपसरच्या आमच्या ऑफिसात वेब सर्व्हिसची रिक्वेस्ट, म्हणजे एका कंपनीच्या कॉम्प्युटरनं दुसरीच्या कॉम्प्युटरला पाठवलेली मागणी, अडली की सगळे आमच्या टीममधल्या सर्वांत जुन्या सहकाऱ्यांनाच हाक मारतात. ते स्क्रीनवर वाचत नाहीत. एक्सएमएलचा, म्हणजे त्या मागणीच्या मजकुराचा, प्रिंट काढतात, त्यावर स्टीलची पट्टी ठेवतात आणि एकेक ओळ पुटपुटत खाली सरकतात.

त्या दिवशी एका हॉस्पिटलच्या विमा मंजुरीच्या रिक्वेस्ट सकाळपासून परत येत होत्या. ऑपरेशनं खोळंबली होती. "कुणी हात लावला?" साहेब ओरडले. इतरांबरोबर मीही नाही म्हणाले.

पट्टी नेमस्पेसच्या ओळीवर, म्हणजे मजकुरातले शब्द कुठल्या संचातले ते सांगणाऱ्या ओळीवर, थांबली. तिथला वेब पत्ता उघडत नाही म्हणून आदल्या दिवशी मीच तो बदलला होता.

"पत्ता न्हाई हो हा, नाव हाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "उघडायचं नसतंय ते. आपल्याकडं नि विमा कंपनीकडं सारखं असलं की झालं."

त्यांनी जुनं नाव परत घातलं आणि मंजुऱ्या सुटल्या. जाताना प्रिंटची घडी माझ्या कीबोर्डखाली सरकवली. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती आणि शेजारी त्यांच्या अक्षरात, बदलांच्या नोंदीतून उतरवलेलं, माझं नाव.

अजूनही ते रोज डबा खायला माझ्यासमोरच बसतात. साहेबांना त्यांनी माझं नाव सांगितलेलं नाही, आणि ती घडी मी अजून डब्याच्या पिशवीत घेऊन फिरते.